स्टेशन ओळखा: सातवीच्या कम्प्युटर वर्गाच्या प्रकल्प नोंदी

परळमधली मराठी माध्यमाची शाळा, सातवीची २६ मुलं, शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी करते, शिक्षिका नाही. विज्ञानाच्या बाई सोबत असतात आणि खरं सांगायचं तर वर्ग त्याच सांभाळतात. वर्ष संपायच्या आत मुलांनी स्वतःचा एक खेळ बनवायचा, एवढंच ठरलं होतं. कुणाला हाच खटाटोप करायचा असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून नोंदी जवळपास जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

२२ जून २०२४

लॅबची किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा बँकेत. अर्धा तास व्हरांड्यात गेला.

आत ११ कम्प्युटर, सगळे देणगीत आलेले, सगळ्यांवर प्लास्टिकची कव्हरं. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, काहींत १ जीबीच. सात चालू झाले, त्यातल्या दोघांना माउस नाही. विंडोज ७ पूर्ण उघडेपर्यंत बाईंची हजेरी घेऊन झाली. चार मुलांमागे एक मशीन म्हणजे एक जण करणार, दोघं ओरडणार आणि चौथा खिडकीबाहेर बघणार. तीन मुलांमागे एक हवं असेल तर नऊ मशीन लागतील. नऊ करायची.

२९ जून

हॉटस्पॉट दिला, ब्राउझर उघडला, तर प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. गूगलवरसुद्धा. मला वाटलं हॉटस्पॉटची भानगड, मग वाटलं जुना ब्राउझर, मग अँटिव्हायरस काढून टाकला. तासातला बराच वेळ यात गेला. शेवटी एक मुलगा उजव्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवून म्हणाला, “ताई, यात आपला जन्मच झालेला नाही.”

तारीख होती १ जानेवारी २००९.

मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०३२. वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो मेला की प्रत्येक वेळी कम्प्युटर ठरलेल्या जुन्या तारखेवर जाऊन बसतो. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला कधीपासून कधीपर्यंत अशी मुदत असते. २००९ मध्ये बसलेल्या मशीनच्या दृष्टीने त्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही, म्हणून ते साइट उघडू देत नाही. एकेका मशीनवर हाताने तारीख घातली, साइट उघडल्या. प्लग काढला की पुन्हा २००९.

जुन्या लॅबमध्ये काहीही करण्याआधी तारीख बघा. आणि सेल सगळ्याच मशीनचे बदला, ‘जे गेलेत तेवढेच’ असं करू नका. उरलेले पुढच्या महिन्यात जातात.

६ जुलै

लॅमिंग्टन रोडला गेले. सेल २५ रुपयांना एक, डझनभर घेतले. जुनी २ जीबी रॅम ३५० ला, पाच स्टिक. डीडीआर २ आणि डीडीआर ३ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. मशीनमधली जुनी स्टिक काढून सोबत न्या, दुकानदार ती बघून तशीच देतो. माउस १८० चे चार, एक एक्स्टेंशन बोर्ड ४५० ला, देवनागरीची कीबोर्ड-स्टिकरं ६० रुपये संच.

विंडोज काढून लुबुन्टू, म्हणजे जुन्या मशीनवरही चालणारं हलकं लिनक्स टाकलं. बाईंना आधी धास्ती वाटली (“परीक्षेच्या याद्या गेल्या तर?”), म्हणून ऑफिसच्या मशीनला हात लावला नाही. खेळ स्क्रॅचमध्ये बनवायचा, तिथे कोड टाइप न करता रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करतात. स्क्रॅचचं अधिकृत ऑफलाइन अ‍ॅप लिनक्सवर नाही, त्यामुळे टर्बोवॉर्प घेतलं. ब्लॉक तेच, फाइलही तीच. पेनड्राइव्हवरून सगळीकडे चढवलं. इंटरनेटची गरज संपली हा यातला सगळ्यात मोठा फायदा. नऊ मशीन तयार. दोन सुट्या भागांसाठी ठेवली.

१३ जुलै

सोमवारी ८ तारखेला पहाटेपर्यंत जो पाऊस कोसळला, त्यात लॅबच्या खिडकीतून पाणी आत आलं. मशीन टेबलावर होती म्हणून वाचली, पण भिंतीतलं वायरिंग ओलं. मामांनी मेन स्विच पाडून ठेवलाय, इलेक्ट्रिशियन आल्याशिवाय उघडणार नाही म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं.

मग व्हरांड्यात कार्डं. चर्चगेट ते विरार धीम्या लोकलची २९ स्टेशनं, एका कार्डावर एक, खाली क्रमांक. चर्चगेट १, दादर ९, विलेपार्ले १५, बोरिवली २२, विरार २९. भिंतीवर ओळीने चिकटवली. एकाने मनात स्टेशन धरायचं, बाकीच्यांनी नाव घ्यायचं. उत्तरं तीनच: ‘बरोबर’, ‘चर्चगेटकडे’, ‘विरारकडे’.

सुरुवातीला सगळे आपापलं स्टेशन ओरडत होते. मग हळूहळू मधलं नाव घ्यायला लागले, ते मी सांगावं लागलं नाही. मालाड धरलं होतं तेव्हा असं झालं: पार्ले? विरारकडे. बोरिवली? चर्चगेटकडे. राम मंदिर? विरारकडे. मालाड? बरोबर. चार प्रश्न. कितीही वाईट स्टेशन धरलं तरी पाचाच्या वर जात नाही. २९ मधून मधलं गेलं की दोन्हीकडे १४-१४, मग जास्तीत जास्त ७, मग ३, मग १. फळ्यावर हे उतरवलं आणि ‘५’ ला चौकट केली.

मग सगळी कार्डं काढून पिसली आणि वाट्टेल तशी लावली. तोच खेळ. पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. एक मुलगी म्हणाली, “ताई, पण आता विरारकडे म्हणजे कुठल्या बाजूला?” क्रम का लागतो यावर मी एक तक्ता करून आणला होता. तो पिशवीतून बाहेर काढायची वेळच आली नाही.

कार्डं आणि लॅमिनेशन मिळून २६० रुपये. आत्तापर्यंतचा सगळ्यात स्वस्त तास आणि सगळ्यात चांगलाही. खेळ कुठला बनवायचा तेही इथेच ठरलं: ‘स्टेशन ओळखा’. मुलं स्टेशन मनात धरणार, कम्प्युटर ओळखणार.

२० जुलै

वायरिंग झालं. पण आज कुणाचं लक्ष नाही. काल क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात विंडोज मशीन निळी पडली, विमानतळांवर रांगा लागल्या, हाताने लिहिलेला बोर्डिंग पास सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलाय. “आपली पण निळी होणार का?” नाही, आपल्याकडे ना विंडोज उरलंय ना ते सॉफ्टवेअर. मुलं जरा हिरमुसलीच.

वेळ स्क्रॅचमधल्या मांजराला पडद्यावर पळवण्यात गेला. जाऊ दे.

३ ऑगस्ट

स्टेशनांची नावं मराठीत हवीत असा मुलांचा आग्रह, माझाही. म्हणजे इन्स्क्रिप्ट, देवनागरीचा प्रमाणित कीबोर्ड. मोबाइलवर सगळी पोरं इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उठवतात किंवा सरळ बोलतात, त्यामुळे इन्स्क्रिप्ट नवीनच. स्टिकरं लावली. तासाभरात एका गटाची जेमतेम सहा स्टेशनं टाइप झाली. ‘महालक्ष्मी’ला सगळे अडकले. क, मग हलन्त, मग ष, तेव्हा कुठे क्ष उमटतो आणि अजून म व्हायचाय.

उरलेल्या वेळात सहज म्हणून स्क्रॅचमधला ‘लेंग्थ’ ब्लॉक दाखवला. शब्दात किती अक्षरं ते सांगतो. ‘परळ’ दिलं, उत्तर ३. छान. ‘दादर’ दिलं, उत्तर ४.

मी थांबून वाट बघत होते, कुणीतरी ओरडेल म्हणून. कुणी नाही. पुढच्या बाकावरचा एक जण बोटांवर मोजत होता. दा, द, र. तीन बोटं झाली. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा मोजलं, या वेळी ‘दा’ला दोन बोटं खर्च केली आणि मान हलवली. चार. बरोबर आहे.

दुसरीपासून जे येतंय ते त्याने तीन सेकंदात मोडून टाकलं, कारण पडद्यावर वेगळं दिसलं. घरी जाताना गाडीत हेच डोक्यात. मी यांना कम्प्युटर शिकवतेय, आणि ही त्याच्यापुढे मान डोलवायला शिकताहेत.

१० ऑगस्ट

नवा नियम. प्रत्येक गटाला एक वही, नाव ‘अंदाजवही’. हिरवा झेंडा (स्क्रॅचमध्ये प्रोग्रॅम सुरू करायचं बटण) दाबायच्या आधी काय होणार ते पेनाने लिहायचं. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. मग झेंडा. अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर शेजारी फुली, आणि फुलीचं कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. अंदाज चुकला म्हणून कुणाला काही बोलायचं नाही. ही शेवटची अट बाईंची.

मागच्या वेळचाच ब्लॉक पुन्हा घेतला. अंदाज: दादर ३, वरळी ३, माटुंगा ३, प्रभादेवी ४. उत्तर: ४, ४, ७, ९. आता मात्र गलका झाला. “ताई, हे खोटं बोलतंय.”

मग ‘लेटर’ ब्लॉकने दादरचं एकेक अक्षर बाहेर काढलं. पहिलं द. दुसरं: ठिपक्यांचं एक वर्तुळ आणि त्याला टेकलेला काना. बस, तिथे कळलं. कम्प्युटर काना वेगळा मोजतो. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे सुटे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे. दादर म्हणजे २३४२, २३६६, २३४२, २३५२. यातला २३६६ हा काना. मुलांनी न सांगता ‘महालक्ष्मी’ फोडायला घेतलं: म, ह, काना, ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी. दहा. अंदाजवहीत आधी १० लिहून मग झेंडा दाबला. जुळलं तेव्हा बाक वाजवले.

शब्द उलटा करायचा प्रयोगही झाला. मुलांच्या हिशेबाने ‘दादर’ उलटं ‘रददा’. कम्प्युटर म्हणतो ‘रदाद’, कारण काना आपल्या जागी सुटा असतो आणि उलट्या ओळीत त्याच्या आधी येणाऱ्या दुसऱ्याच ‘द’ला चिकटतो. ‘वरळी’ उलटली तर सुरुवातीलाच एक अनाथ वेलांटी, ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली.

शेवटी मी हुशारी केली. नॅनो या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये फक्त ‘दादर’ लिहून फाइल सेव्ह केली. यूटीएफ-८ ही ते क्रमांक फाइलमध्ये साठवायची पद्धत. देवनागरीच्या एका खुणेला तिच्यात ३ बाइट, चार खुणा, म्हणजे १२. वहीत १२ लिहून घेतलं. प्रॉपर्टीजमध्ये आले १३. फुली. नॅनो फाइलच्या शेवटी न सांगता एक नवी ओळ घालतो, तिचा एक बाइट. ते मला आठवेपर्यंत तास संपला, पण नियम नियम आहे. फुली माझ्या नावावर लागली.

२४ ऑगस्ट

यादी म्हणजे लिस्ट. २९ स्टेशनं भरून झाली. चार गटांच्या फाइली ‘प्रोजेक्ट’ याच नावाने एकाच पेनड्राइव्हवर सेव्ह झाल्या, म्हणजे तीन गेल्या. आता फाइलच्या नावात गटाचं नाव सक्तीचं.

एका गटाचं दादर सापडेना. डोळ्यांना अगदी बरोबर दिसतंय. लेंग्थ विचारला, ५. अंदाज ४. फुली. शेवटी एक स्पेस पडली होती. आधीच्या तासाला लेंग्थ झाला नसता तर हे शोधायला मलाही वेळ लागला असता.

कुणीतरी तिसाव्या स्टेशनाचं नाव विचारलं. स्क्रॅच काहीच बोलत नाही, रिकामी जागा देतं. इथे जुलैतला निळा पडदा पुन्हा निघाला, कारण या महिन्यात कंपनीने कारण जाहीर केलंय: एका ठिकाणी २१ रकाने ठरवलेले होते, प्रोग्रॅम प्रत्यक्षात २०च मूल्यं देत होता. एकविसावं वाचायला गेला तो हद्दीबाहेरच्या मेमरीत घुसला, आणि विंडोजच्या गाभ्यात असा घुसखोर सापडला की सगळं मशीनच थांबतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख मशीन. “म्हणजे त्यांच्या यादीत विरारच्या पुढचं स्टेशन विचारलं,” असं एकाने बाईंना समजावलं. मी यात काही भर घातली नाही.

१४ सप्टेंबर

मागच्या शनिवारी गणेश चतुर्थी, वर्ग नव्हता. आज हजेरी ११. बाकीची मुलं कोकणात, जी इथे आहेत ती लालबागच्या रांगेत किंवा मंडळात. नवीन काही घेतलं नाही. माउस साफ केले.

२८ सप्टेंबर

खेळ चालला!

रचना अशी. दोन व्हेरिएबल (बदलती संख्या ठेवायचे डबे), ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. सुरुवातीला १ आणि २९. दोघांची बेरीज भागिले २ म्हणजे ‘मधलं’. मांजर मधल्या क्रमांकाचं स्टेशन विचारतं. डावा बाण चर्चगेटकडे, उजवा विरारकडे, स्पेस बरोबर. चर्चगेटकडे म्हटलं की ‘पर्यंत’ = मधलं वजा १. विरारकडे म्हटलं की ‘पासून’ = मधलं अधिक १. ‘पासून’ हे ‘पर्यंत’पेक्षा मोठं झालं की थांबायचं आणि ‘असं स्टेशन नाही’ म्हणायचं. ब्लॉकवरचं इंग्रजी वाचायला अडतं, म्हणून लागणाऱ्या ब्लॉकचे अर्थ फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवलेत.

दादर, अंधेरी, बोरिवली, मालाड, चर्चगेट, माहीम सगळी ओळखली. तेही चार प्रश्नांत किंवा त्याहून कमी. एकदाही पाच लागले नाहीत. मुलं म्हणाली, कम्प्युटर आपल्यापेक्षा हुशार निघाला. मुख्याध्यापकांना बोलावून दाखवलं, त्यांनी दादर धरलं, चार प्रश्नांत ओळखलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

एका गटाच्या वहीत मात्र फुली आहे. ‘अंदाज: जास्तीत जास्त ५. आले: ४.’ मी म्हटलं, अगं कमी आले म्हणजे चांगलंच की. वहीवाली म्हणाली, “पण जुळलं नाही ना.” फुली तशीच राहिली.

५ ऑक्टोबर

त्या फुलीवालीचा मामा विरारला राहतो. तिने विरार धरलं. पार्ले? विरारकडे. बोरिवली? विरारकडे. नायगाव? विरारकडे. नालासोपारा? विरारकडे. ‘असं स्टेशन नाही.’

आधी सगळ्यांनी तिलाच धरलं, तू कुठेतरी चुकीचा बाण दाबलास म्हणून. तिने पुन्हा खेळून दाखवलं. नाही म्हणजे नाही. मग एकाने वांद्रे धरलं. नाही. प्रभादेवी, जे शाळेतून चालत गाठता येतं, तेही नाही.

आज दुरुस्ती करायची नाही असं ठरवलं. फक्त शोधायचं, काय काय हरवलंय. स्टेशनं गटांत वाटली, फळ्यावर २९ ची यादी, सापडलं तर बरोबरची खूण. शेवटी मोजलं: १५ सापडतात, १४ हरवतात. मरीन लाइन्स, ग्रँट रोड, महालक्ष्मी, प्रभादेवी, माटुंगा रोड, वांद्रे, सांताक्रूझ, जोगेश्वरी, गोरेगाव, कांदिवली, दहिसर, भाईंदर, वसई रोड, विरार. मागच्या शनिवारी सगळ्यांनी आपापली आवडती स्टेशनं धरली आणि ती नेमकी सापडणाऱ्यांतली निघाली. मुख्याध्यापकांचं दादरही.

चार प्रश्नांचं कोडंही इथेच सुटलं, म्हणजे अर्धं. पाचव्या प्रश्नाला सापडायची ती सगळी स्टेशनंच गायब आहेत. प्रश्न कमी लागत होते कारण खेळ आधीच हात वर करत होता.

१९ ऑक्टोबर

मागचा शनिवार दसरा. मुलांना घरी विचार करायला दोन आठवडे मिळाले, पण घरी कम्प्युटर कुणाकडेच नाही. एका गटाने वहीत हाताने गणितं मांडून आणली. प्रभादेवीची वाट अशी:

पासून १, पर्यंत २९, मधलं १५. पार्ले. चर्चगेटकडे, म्हणून पर्यंत १४. मधलं: १ अधिक १४ भागिले २, म्हणजे ७.५.

इथे त्यांनी मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. साडेसातावं स्टेशन कुठलं? भिंतीवर खेळताना हा प्रश्न आलाच नाही, कारण हात एका पूर्ण कार्डावरच पडतो. स्क्रॅच कुरकुर करत नाही. यादीत ७.५ वं मागितलं तर अपूर्णांक टाकून सातवं देतं, लोअर परळ. पण ‘मधलं’ या व्हेरिएबलमध्ये ७.५ तसंच राहतं. विरारकडे म्हटलं की पासून होतं ८.५. मधलं ११.२५, माहीम. चर्चगेटकडे, पर्यंत १०.२५. मधलं ९.३७५, दादर. चर्चगेटकडे, पर्यंत ८.३७५. आता पासून ८.५ आणि पर्यंत ८.३७५. पासून मोठं झालं. थांबा. आठवं स्टेशन साडेआठ आणि आठ पूर्णांक काहीतरी यांच्यामधून निसटलं.

हे सगळं स्टेजवर दिसत होतं. व्हेरिएबलच्या खिडक्या आम्हीच उघड्या ठेवल्या होत्या, ७.५ समोर होतं, आणि सगळ्यांचं लक्ष मांजराच्या बोलण्याच्या फुग्यावर.

दुरुस्ती एका ब्लॉकची: भागाकारावर ‘फ्लोअर’, म्हणजे अपूर्णांक झटकून पूर्ण संख्या ठेवायची. दाबण्याआधी वहीत अंदाज: प्रभादेवी, ५ प्रश्न. पार्ले, लोअर परळ, माहीम, दादर, प्रभादेवी. पाच. मग सगळी २९ पुन्हा एकदा, न वगळता. सगळी सापडली. दुरुस्ती पाच मिनिटांची, तपासणी उरलेल्या तासाची. माझ्या ऑफिसातही हेच प्रमाण असतं, पण तिथे कुणी विरार सापडल्यावर नाचत नाही.

३० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी, मग विधानसभेची निवडणूक. २० तारखेला शाळेत मतदान केंद्र होतं, बाई ड्युटीवर. लॅब सामान ठेवायला वापरली गेली. परत मिळाली तेव्हा दोन माउस नाहीत, एक्स्टेंशन बोर्ड दुसऱ्या मजल्यावर, आणि नवव्या मशीनची पॉवर केबल कुठल्यातरी पंख्याला. निवडणुकीच्या आधी केबली आणि माउस काढून कपाटात टाका. माउस नवे आणले, ३६०.

सेल सगळे बदललेले असल्याने दीड महिन्यानेही तारीख बरोबर. त्या एका गोष्टीवर ३०० रुपये गेले, ते सार्थकी.

१४ डिसेंबर

सहावीच्या मुलांना खेळायला बोलावलं. शिकवणं सातवीनेच केलं. आधी भिंतीवर कार्डं, मग अंदाज वहीत, मग झेंडा. एका सहावीवाल्याने पेन्सिल काढली तर त्याच्या हातातून काढून घेतली गेली. जरा जास्तच झालं ते, बाईंनी पेन्सिल परत द्यायला लावली.

खर्चाचा हिशेब: सेल ३००, रॅम १,७५०, माउस ७२० आणि नंतर ३६०, एक्स्टेंशन बोर्ड ४५०, स्टिकरं नऊ संच ५४०, कार्डं २६०. एकूण ४,३८० रुपये. वह्या मुलांनीच जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून केल्या. पुन्हा करायचं झालं तर स्टिकरांवर पैसे घालणार नाही. त्याऐवजी स्टेशनांची तयार यादी फाइलमधून आत घेईन आणि टाइपिंग महालक्ष्मी आणि दादरपुरतं ठेवीन. टाइपिंगमध्ये दोन शनिवार गेले आणि त्यातून हाताला काही लागलं नाही.

जानेवारीसाठी मुलांची मागणी: मध्य रेल्वे. वर्गातली निम्मी मुलं त्याच लाइनची. एका गटाने यादी सुरूही केली, सीएसएमटीपासून थेट कल्याणपर्यंत सुरळीत, आणि तिथे थांबले. कल्याणनंतर शहाड लिहायचं की विठ्ठलवाडी? गाडी कसाऱ्याकडेही जाते आणि कर्जतकडेही. एकाने सुचवलं, दोन याद्या करू. दुसरा म्हणाला, मग कल्याण दोनदा येईल. तिसऱ्याने विचारलं, मधलं कुठून काढायचं? डावा-उजवा बाण पुरणार नाही, तिसरं बटण लागेल, यावर सगळ्यांचं एकमत झालं. यादीच्या ऐवजी झाडासारखी मांडणी लागते हे मला माहीत आहे, ती स्क्रॅचमध्ये सातवीला झेपेल अशी कशी करायची ते नाही. पहिल्या तासाला पुन्हा कार्डंच लावू. व्हरांड्याची भिंत कोपऱ्यावर वळते, कल्याण तिथे चिकटवता येईल.